दुसरी सही

रविवारी सकाळी दहा वाजले की जबलपूरच्या गढा भागातल्या गजभियांच्या घरात टीव्ही बंद होई, गॅस बारीक होई आणि अंगणात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना हाकललं जाई. दहाला दयाराम माप घेत. गन कॅरेज फॅक्टरीत अडतीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेला माणूस. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी त्यांचा व्हर्नियर, बारीक माप घ्यायचा लोखंडी कॅलिपर, तेल लावून, मऊ कापडात गुंडाळून कपाटात निजलेला असे. ऑगस्टपासून तो दर रविवारी बाहेर निघत होता आणि एकच वस्तू मोजत होता: धाकट्या मुलाच्या, चंद्रशेखरच्या, उजव्या पायावरची जखम.

जखमेला तो व्हर्नियर कधी लागला नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पहिल्याच रविवारी प्रतिमाने नागपूरहून फोनवर दम भरला होता, "बाबा, ते लोखंड जखमेले लावलं न, तर मी स्वतः येऊन जप्त करीन." दयारामांची ही लेक नागपूरच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि तिची तीस वर्षं लोकांना दम भरण्यातच गेली होती. मग तडजोड झाली. चंद्रशेखरची बायको हेमलता हात धुऊन पायावर पारदर्शक प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा ठेवी, मार्करने जखमेची कड गिरवी, आणि ते चित्र टेबलावर आलं की दयाराम मोजत. लांबी, रुंदी, तारीख, सही. त्याखाली दुसरी सही चंद्रशेखरच्या लेकीची, नात पायलची. एका सहीवर माल पास होत नाही, हा फॅक्टरीचा नियम त्यांनी घरालाही लावला होता.

वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, एकतीस मिलिमीटर बाय बावीस. मागच्या रविवारी चार बाय दोन.

आज सत्ताविसावा रविवार, आणि उद्या नागपूरला जायचं होतं. तिथल्या डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये इंजेक्शनं देतानाच स्पष्ट सांगितलं होतं की सहा महिने वाट बघू. जखम भरली आणि पायाची रात्रंदिवसाची आग थांबली तर जिंकलो. नाही तर गुडघ्याखालून पाय काढायचा, आणखी थांबणं जिवावर बेतेल. हेमलताने म्हणून दोन बॅगा भरल्या होत्या. एक जाऊन यायची आणि एक राहायची. राहायची बॅग तिने पलंगाखाली ढकलली होती, आणि घरातलं प्रत्येक जण तिच्याकडे न बघता पलंगाजवळून जात होतं.

त्यात आज माघ पौर्णिमा. कुसुमबाईंची खीर गॅसवर होती. विहारात एक डबा आणि ठरलेल्या अकरा घरी एकेक वाटी, हा त्यांचा पौर्णिमेचा शिरस्ता. पातेलं ढवळता ढवळता त्यांनी लेकीकडे पाहिलं. प्रतिमा पहाटेच्या बसने आली होती आणि अजून तिने शालही काढली नव्हती.

"काय लपवून राहिली तू?" कुसुमबाई म्हणाल्या.

"दादा येऊन राहिला."

थोरल्या मुलाचं, मुरलीधरचं नाव निघताच कुसुमबाईंचा हात थांबला. "आज? मापाच्या टायमाले? अवो माय, तुले दुसरा मुहूर्त भेटला नाही?"

"मीच बोलावलं. उद्या जर का वाईट झालं, आई, तर पाय काढायच्या कागदावर सही कोण करीन? हेमलताच्यानं होणार नाही. बाबा करणार नाहीत. मागच्या वेळी बी त्यानंच केली होती न."

"म्हणूनच तर सात महिने बोलत नाहीत ते त्याच्याशी."

"म्हणून नाही," प्रतिमा म्हणाली. "तुले माहीत आहे कशासाठी ते."

कुसुमबाईंना माहीत होतं. साऱ्या गढ्याला माहीत होतं.

गेल्या उन्हाळ्यात चंद्रशेखरच्या उजव्या पायाची करंगळी काळी पडली आणि काढावी लागली. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, फॅक्टरीत वेल्डर, दिवसाला दोन बंडलं बिडी. डॉक्टर म्हणाले, बिडीने पायातल्या बारीक रक्तवाहिन्या आतून बुजवून टाकल्या आहेत. मग पायावर न भरणारी जखम झाली, शहरातल्या दवाखान्याने पाय कापायचा कागद पुढे केला, आणि घरात कुणाचीही हिंमत होईना तेव्हा थोरल्या मुरलीधरने त्यावर सही केली. "पाय गेला तरी माणूस राहीन," एवढंच तो बोलला. दोन दिवसांनी प्रतिमा नागपूरहून आली आणि कागद तसाच राहिला. तिच्या दवाखान्यात या आजारावर पेशींची इंजेक्शनं देत होते. परत गेल्यावर फोनवर तिने घाईघाईत सांगितलं, "हाडाच्या मगजातल्या पेशी असतात. डोनरच्या. त्या पायाच्या पोटरीत टोचतात." तेवढ्यात तिला वॉर्डातून हाक आली आणि फोन कटला.

डोनर या एका शब्दावर गजभिये घराण्याने सभा भरवली. पुढचं ऐकून घ्यायला कुणी थांबलं नाही. सख्ख्याचाच मगज लागणार, हे त्यांनी आपापसात ठरवूनही टाकलं. दयारामांनी वही काढली, शेवटच्या पानावर नावं लिहिली आणि एकेकाला विचारलं. कुसुमबाई हो म्हणाल्या. हेमलता हो म्हणाली. सोळा वर्षांची पायल "मेरा ले लो, आजोबा" म्हणाली आणि रडली. मुरलीधर म्हणाला, "मी विचारून सांगतो."

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी दयारामांनी त्याच्या नावावर लाल पेन्सिलने रेघ मारली. मग आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, उपाशीपोटी नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून ते नागपूरला पोचले आणि डॉक्टरांच्या टेबलासमोर पाठ करून उभे राहिले. म्हणाले, "घ्या." डॉक्टरांना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांनी दयारामांना बसवून चहा पाजला. घरच्या कुणाचाच मगज लागत नव्हता. पेशी कधीच घेऊन झाल्या होत्या, तरुण, धडधाकट, अनोळखी माणसांकडून. प्रयोगशाळेत वाढवून, गोठवून ठेवलेल्या. या पेशी कुणाच्याही असल्या तरी शरीर फारशी कुरकुर करत नाही, डॉक्टर म्हणाले. त्या स्वतः रक्तवाहिनी बनत नाहीत. त्या सूज उतरवतात आणि आसपासच्या पेशींना नव्या वाहिन्या काढायला लावतात. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. आणि बिडी सुटली नाही तर काहीच उपयोग नाही.

"म्हणजे मुकादम," दयाराम म्हणाले होते. "फावडं धरत नाही, काम करून घेते."

घरी येऊन सगळे पोट धरून हसले. दयाराम हसले नाहीत. "मागितलं नाही ते अलग," ते म्हणाले, "देणार नव्हता ते अलग." लाल रेघ तशीच राहिली.

*

मुरलीधर गल्लीच्या तोंडाशी पानठेल्यापाशी उभा होता. रेल्वेतला सिग्नलचा माणूस, वेळेचा पक्का, आणि आज पंधरा मिनिटं एका जागी उभा. पानवाल्याने सवयीने बंडल पुढे केलं. "नहीं भैया," मुरलीधर म्हणाला. पानवाल्याला ते ऐकायची सवय झाली नव्हती. सात महिन्यांनीही तो दर वेळी तितक्याच आशेने पुढे करायचा.

आपल्याला घरात घेतील का, याची त्याला भीती नव्हती. आई होती तिथे, दार बंद होणार नाही. त्याला भीती होती ती चंदूच्या पायाची. आपण पहिली सही केली, आणि आता दुसरीही आपल्याच नशिबी आली तर? एकाच भावाचा पाय दोनदा कापायचा कागद कुणाच्या हाती येतो? त्याने मफलर घट्ट केला आणि चालायला लागला.

दार उघडंच होतं. आत पाटावर उशी, उशीवर चंद्रशेखरचा पाय, समोर गुडघे टेकून हेमलता. टेबलाशी दयाराम, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात व्हर्नियर.

"जयभीम, बाबा."

दयारामांनी व्हर्नियर खाली ठेवला आणि तो कापडात गुंडाळायला लागले. "पायल, पाहुणे आले आहेत. त्यांना चहा पाज. आज माप नाही."

"आजोबा, ये तो मोठेबाबा हैं," पायल हळूच म्हणाली.

"मले दिसते. मोतीबिंदू काढला आहे माझा."

"काहून माप नाही?" प्रतिमा स्वयंपाकघरातून पदर खोचून बाहेर आली. "उद्या डॉक्टर काय तुमचा राग मोजणार आहे? बसा खाली."

"जो माणूस भावासाठी हाडाचा एक थेंब देऊ शकला नाही, त्याच्यासमोर मी वही उघडणार नाही."

"लागलाच नाही न तो थेंब!"

"तेच सांगून राहिलो. लागला नाही म्हणून वाचला. लागला असता तर?"

कुसुमबाई चिमटा घेऊन दारात उभ्या होत्या. एरवी अशा वेळी त्या नवऱ्याची बाजू घेत, कारण घरात शांतता राहायची तर तेच सोपं पडे. आज त्या मुलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "बोल तू," त्या म्हणाल्या. "सात महिने मी वाट पाहून राहिली. काय अडलं होतं तुले?"

मुरलीधरने मफलर सोडला, पुन्हा बांधला. बोलायला लागला तेव्हा बापाकडे न बघता भावाच्या पायाकडे बघत होता.

"तुम्ही विचारलं तेव्हा माझ्या खिशात बंडल होतं, बाबा. चंदूले पहिली बिडी मीच पाजली. मदन महलच्या टेकडीवर, हा दहावीत होता. मी म्हटलं, ओढ, काही नाही होत. मंग हाडातलं काढायचं म्हणता, तर मले वाटलं, माझ्या हाडात बी तोच धूर भरला असन. तो काढून पुन्हा याच्याच पायात टाकायचा? दोन दिवस मी रेल्वेच्या दवाखान्यात लाइनीत उभा होतो, हेच विचारायले. बिडी पिणाऱ्याचा मगज चालते का म्हणून. तिसऱ्या दिवशी डॉक्टर भेटला, घरी आलो, तर वहीत रेघ."

"तर मंग सांगितलं काहून नाही?" प्रतिमा ओरडली.

"काय सांगू? यानं बिडी मागितली नव्हती, मीच ती देऊन याचा पाय घेतला होता."

 मग चंद्रशेखर बोलला. सात महिने त्याच्या पायावर सगळे बोलत होते, त्याला फारसं कुणी विचारलं नव्हतं. त्याचाच आवाज आज सगळ्यांत मोकळा निघाला.

"दादा, पहिली तू पाजली. बाकीच्या लाखो मी स्वतः प्यायलो. तू काय माझ्या तोंडात धरून बसला होता? आणि बाबा, तुम्ही पन्नास वर्षं पंचशील घेतलं आणि दर वेळी म्हटलं, त्यात दारू लिहिली आहे, बिडी कुठं लिहिली आहे. म्हटलं का नाही?"

कुसुमबाई फिसकन हसल्या. हा वाद त्यांनी लग्नापासून ऐकला होता. दयारामांनीही जुलैपासून बिडी सोडली होती, पण पंचशीलाचा मुद्दा काही सोडला नव्हता.

"आणि पाय माझा आहे," चंद्रशेखर म्हणाला. "माप होणार. हेमा, लाव ते प्लास्टिक."

*

हेमलताने पट्टी सोडली. जखमेच्या जागी एक तपकिरी, मसुरीच्या डाळीएवढी खपली होती. तिने प्लास्टिक ठेवलं, मार्कर उघडला, आणि मार्कर तसाच हवेत राहिला.

"काय झालं?" दयाराम म्हणाले.

"बाबा, कड सापडून नाही राहिली."

"खपली आहे न? तिची काढ."

"खपली म्हणजे जखम नाही," प्रतिमा म्हणाली आणि तिने शाल अखेर बाजूला फेकली. हात धुतले, मोजे घातले, कापसाचा बोळा सलाइनमध्ये भिजवून खपलीवर धरून ठेवला.   दोन मिनिटांनी खपली आपणहून बोळ्याबरोबर निघून आली. ओढावी लागली नाही, रक्ताचा ठिपकासुद्धा आला नाही. खाली गुलाबी, चकचकीत, नवी कातडी होती.

"पूरी भर गई!" पायल किंचाळली. "आत्या, पूरी भर गई ना?"

प्रतिमाने बोटाने कड दाबली, मग मध्यभागी दाबली. "दुखते का?"

"नाही."

"रात्री आग?"

"पंधरा दिवस झाले, नाही. कोणाले सांगितलं नाही. दृष्ट लागन म्हणून." चंद्रशेखर ओशाळला. बौद्धाच्या घरात दृष्ट काढायची सोय नव्हती, आणि हे त्याने बापासमोर बोलायला नको होतं.

प्रतिमाने त्याचा पाय दोन्ही तळव्यांत धरला. जुलैत हाच पाय तिने धरला होता तेव्हा बर्फाच्या लादीवर हात ठेवल्यासारखं झालं होतं. आता फेब्रुवारीच्या जबलपूरच्या थंडीत तो तिच्या हातापेक्षा गरम होता. इतक्या वर्षांत तिने कित्येकांना पाय गमावताना पाहिलं होतं आणि त्यांच्या बायकांना धीर दिला होता. आता मात्र ती भावाच्या पायावर डोकं टेकून हमसून रडली, आणि रडता रडताच म्हणाली, "उद्या जायचं आहेच. घोट्याशी रक्ताचं प्रेशर मोजतीन. बूट नरम पाहिजे. आणि बिडी ओढताना दिसला न चंद्या, तर मीच कापीन तुझा पाय."

हेमलताने मार्करला टोपण लावलं. ती उठली, पलंगाखालून राहायची बॅग ओढून काढली आणि भर खोलीत उलटी केली. टॉवेल, बनियन, स्टीलचा पेला, सगळं जमिनीवर घरंगळलं. मग ती त्या पसाऱ्यात बसून हसायला लागली.

दयाराम अजून टेबलाशीच होते. प्लास्टिकचा कोरा तुकडा त्यांच्या पुढ्यात होता. त्यांनी तो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा धरला. मोजायला काहीच नव्हतं. मग त्यांनी वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं: लांबी शून्य, रुंदी शून्य. सही केली. पायल सवयीने पेन घ्यायला पुढे झाली.

"तू नाही," ते म्हणाले.

"क्यों? दूसरी साइन तो मेरी होती है।"

"रोजच्या मापाले तुझी चालते. पास करायचं तर नियम अलग आहे, बेटा. फॅक्टरीत ज्यानं माल रिजेक्ट केला असन, पास करताना दुसरी सही त्याचीच लागे. त्यानं स्वतः पाहून म्हणायचं, माझी चूक होती, माल खरा आहे." त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा थोरल्या मुलाकडे सरळ पाहिलं. "हा पाय रिजेक्ट केल्याची सही कोणाची आहे? इकडे ये. नीट पाहून घे आधी. न पाहता सही करायची नाही."

मुरलीधर भावाच्या पायाशी खाली बसला. त्याने ती गुलाबी जागा पाहिली, करंगळीची रिकामी जागा पाहिली, आणि पोटरीवर अंगठा फिरवला, जिथे इंजेक्शनं टोचली होती. "गुदगुल्या करू नको, दादा," चंद्रशेखर म्हणाला. मुरलीधरने टेबलाशी येऊन सही केली. पूर्ण नाव लिहिलं, शाळेत लिहितात तसं, आणि शेवटच्या अक्षरावर डोळ्यातलं पाणी पडून शाई फुटली.

दयारामांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. जुलैच्या यादीतली लाल रेघ खोडरबरने खोडायला घेतली. रेघ काही नीट निघेना, कागदच खरवडला. "राहू द्या, बाबा," मुरलीधर म्हणाला. "राहू कशी देऊ?" दयाराम म्हणाले आणि खोडत राहिले.

*

"तो पोरगा कोण असन?" खीर उतरवताना कुसुमबाईंनी विचारलं.

"कोणता?"

"ज्यानं मगज दिला तो. पहिली वाटी त्याची."

"आई, नाव कोणालेच सांगत नाहीत. कधी कधी दोघा-तिघांच्या पेशी मिळून असतात. पोरगाच असन असं बी नाही."

"गाव तरी?"

"गाव नाही, जात नाही, काही नाही."

दयाराम वही हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांचे वडील बळीराम भंडाऱ्याकडून जबलपूरला फॅक्टरीत आले, ते गावात ओंजळीत वरून ओतलेलं पाणी पिऊन कंटाळले म्हणून. ही गोष्ट घरातल्या प्रत्येक पोराला पाठ होती. "माझ्या बापाले लोक हातभर लांबून पाणी वाढत," ते म्हणाले. "आणि त्याच्या नातवाच्या पायात कोणाचा तरी हाडातला मगज गेला. देणाऱ्यानं विचारलं नाही कोणाले जाईन. घेणाऱ्यानं विचारलं नाही कोणाचा आहे." त्यांनी वही मिटली. "बाबासाहेबांचं ऐकून एवढी वर्षं चाललो, कुसुम, पण हे मी माझ्या डोळ्यानं पाहीन असं वाटलं नव्हतं."

"मंग खीर कोणाले द्यायची ते सांगा," कुसुमबाई म्हणाल्या. भाषणं त्यांना आवडत, पण खीर थंड झालेली आवडत नसे.

उत्तर चंद्रशेखरने दिलं. त्याने नरम बूट चढवला, उठला आणि पातेल्याचा एक कान धरला. "दुसरा धर, दादा. दारात नेऊ. जो येईन जाईन त्याले द्यायची. त्यातला कोणी बी तो असू शकते."

अकरा घरांचा शिरस्ता त्या दिवशी मोडला. गजभियांच्या दारासमोर टेबल लागलं. चंद्रशेखर डाव घेऊन उभा राहिला, मुरलीधर द्रोण पुढे करत होता, पायल रस्त्यातल्या माणसांना अडवत होती. सदर बाजाराकडे निघालेला ऑटोवाला थांबला. शिकवणीहून येणाऱ्या मुली थांबल्या. भाजीची गाडी, सिलिंडरवाला, दोन फौजी, एक कुणाशीच न बोलणारा म्हातारा.

"भैया, आज क्या है?" मोटरसायकलवरच्या एका तरुणाने विचारलं.

"पूर्णिमा है। और मेरा पाँव है," चंद्रशेखर म्हणाला. तरुणाला काही कळलं नाही, पण त्याने खीर खाल्ली. कुसुमबाई त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि त्याला आणखी एक द्रोण वाढायला लावला.

तास झाला. मुरलीधर आतून खुर्ची घेऊन आला आणि भावाच्या मागे लावली.

"बस आता, चंदू. लय वेळ झाला."

चंद्रशेखरने दोन्ही पायांवर भार देऊन पाहिला, आधी डाव्या, मग उजव्या. उजवा टिकला.

"तू बस, दादा," तो म्हणाला आणि पुढच्या माणसासाठी डाव भरला. "मी उभा आहे."